वळवाच्या विजेनंतर मोटरहोममधील वीज बंद: तपास कोठून सुरू करावा?

चालते_घर_चिपळूण (प्रश्न)

नमस्कार. आम्ही पती-पत्नी, दोघेही निवृत्त शिक्षक, गेली दोन वर्षे स्वतःच्या मोटरहोममधून कोकणकिनारा हिंडत आहोत. परवा रात्री वेळणेश्वरच्या मुक्कामात वळवाच्या पावसात अगदी जवळ वीज पडली आणि तेव्हापासून गाडीतील विजेचे काहीही धड चालत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा, म्हणून घडले ते क्रमाने लिहितो.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली असून तिचा सांगाडा व बाहेरील पत्रा लोखंडी आहे. छतावर प्रत्येकी ३३० वॅटची, ७२ सेलची दोन सोलर पॅनेले समांतर जोडलेली आहेत व त्यांच्यामागे एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलची जास्तीत जास्त वीज बॅटरीत भरणारे यंत्र) आहे. घरातील वापरासाठी १२.८ व्होल्ट, २०० ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, २००० व्हीएचा चार्जरसह इन्व्हर्टर आणि इंजिनच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर आहे. बाहेरून २३० व्होल्टची वीज घेण्यासाठी गाडीच्या कुशीत एक सॉकेट असून त्यामागे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चार एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास तोडणारे स्विच) आहेत.

परवा आम्ही एका होमस्टेच्या अंगणात थांबलो होतो आणि घराच्या पडवीतील प्लगवरून वीस मीटर केबल ओढून वीज घेतली होती. रात्री पावणेदहाच्या सुमारास अंगणाच्या टोकाच्या माडावर वीज कोसळली. लखलखाट आणि आवाज एकाच क्षणी झाले आणि गाडीच्या कुशीतील सॉकेटपाशी तडतड असा आवाज मी स्वतः ऐकला. दिवे क्षणभर फडफडले, पण गेले नाहीत. एसी पुन्हा चालू झाला, त्यामुळे वीज टिकून आहे असे समजून आम्ही निजलो. पडदे ओढलेले होते, म्हणून घरात उजेड आहे की अंधार हे काही पाहिले नाही. साडेबाराच्या सुमारास एसी, दिवे, फ्रीज सारे एकदम बंद पडले.

सकाळी आरसीसीबी पडलेला दिसला. घराची वीज आठच्या सुमारास परत आली, तेव्हा तो वर केला, तर तत्क्षणी पुन्हा खाली आला. बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटरने केवळ २.८ व्होल्ट दाखवले. सोलर कंट्रोलरचा पडदा कोरा आहे. इंजिन मात्र नेहमीप्रमाणे पहिल्याच किल्लीला सुरू होते. सर्वांत काळजीची गोष्ट अशी की माझी पत्नी अनवाणी ओल्या अंगणात उभी राहून दाराची स्टीलची मूठ धरायला गेली, तेव्हा तिच्या हाताला स्पष्ट झिणझिण्या आल्या.

जवळच्या बाजारपेठेतील एका कारागिराने गाडी उघडून पाहिली आणि बॅटरी, इन्व्हर्टर, कंट्रोलर सर्व जळले आहे, एक लाख चाळीस हजार रुपये खर्च येईल, असे सांगितले. त्यांनी मीटर लावून काही मोजल्याचे मला दिसले नाही. खरोखरच एवढे सर्व एका विजेने जाते का? आणि तपास करायचा तर कोणत्या टोकापासून करावा?


वायरमन_दापोली

गुरुजी, बाकी सर्व वाचण्यापूर्वी एक करा. ती केबल अजून लावलेली असेल, तर घराच्या पडवीतील मुख्य स्विच बंद करून, पायांत रबरी चपला घालून, ती आधी घराच्या बाजूने आणि मग गाडीच्या बाजूने काढून ठेवा. बॅटरीचे, पॅनेलचे काय व्हायचे ते नंतर पाहता येईल. वहिनींच्या हाताला आलेल्या झिणझिण्या ही तुमच्या पत्रातील एकमेव जिवावरची गोष्ट आहे.

आता तिचे कारण सांगतो, कारण पुष्कळ जण येथे चुकतात. आरसीसीबी पडला म्हणजे गाडी विजेपासून तुटली असे आपण धरून चालतो, पण तो फक्त फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) तोडतो. अर्थिंगची तिसरी तार त्यातून जातच नाही. ती घराच्या अर्थिंगपासून थेट तुमच्या पत्र्याला जोडलेली राहते, आणि ती तशीच असावी लागते. म्हणून घराच्या अर्थिंगवरच दाब (व्होल्टेज) चढलेला असेल, तर आरसीसीबी पडलेला असतानाही तुमच्या गाडीचा सगळा पत्रा त्या दाबावर येतो. गाडी रबरी चाकांवर उभी, त्यामुळे तो दाब जमिनीत उतरायला वाट नसते. ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून जो मूठ धरतो, तोच ती वाट होतो.

घराच्या अर्थिंगवर दाब कसा चढतो? आपल्याकडे जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) घर असेल, तर मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा पार सुकलेला असतो. जांभ्यातून पाणी झिरपून खाली निघून जाते आणि कोरडा जांभा वीज जमिनीत उतरू देत नाही. त्यात खाऱ्या हवेने पाइपाची पकड आणि तार कुजलेली असते. अशा वेळी घरातील एखादा पंप किंवा गिझर थोडा जरी गळत असेल, तरी ती गळती जमिनीत न जाता अर्थिंगच्या तारेवर साचून राहते. वीज पडल्यावर पंपाच्या वेटोळ्यांचे इन्सुलेशन फाटणे आणि कुजलेली अर्थिंगची तार तुटणे, या दोन्ही गोष्टी एकाच रात्री झालेल्या मी पाहिल्या आहेत.

तेव्हा तपास गाडीतून सुरू करू नका, पडवीतील प्लगपासून सुरू करा. स्थानिक वायरमनला सोबत घ्या आणि गाडी न जोडता तीन मापे घ्या: फेज व न्यूट्रलमध्ये किती, फेज व अर्थमध्ये किती, न्यूट्रल व अर्थमध्ये किती. पहिले माप २३० च्या आसपास, दुसरे जवळपास तितकेच आणि तिसरे दोन-चार व्होल्टच्या आत असावे. तिसरे माप चाळीस-पन्नास किंवा त्याहून अधिक आले, तर त्या घराची वीज गाडीला अजिबात लावू नका. कोणी सुचवेल की अर्थची पिन काढून टाका, झिणझिण्या थांबतील. ते कृपया कधीही करू नका. झिणझिण्या थांबतील, पण पुढे गाडीतीलच एखादे उपकरण पत्र्याला लागले, तर त्याचा प्रवाह जायला रस्ता उरणार नाही.

आणखी एक मोजमाप शंभर वॅटचा साधा बल्ब फेज-न्यूट्रलवर लावून घ्या. रिकाम्या प्लगवर मीटर २३० दाखवतो आणि बल्ब लावताच दाब कोसळतो किंवा भलताच वर जातो, असे झाले तर न्यूट्रल ढिला किंवा तुटलेला आहे. वादळात झावळी पडून खांबावरील न्यूट्रल तुटला, की तीन फेजवर वाटलेली घरे न्यूट्रलचा आधार सुटून एकमेकांच्या दाबाला जोडली जातात आणि एका घरात शंभर, तर दुसऱ्यात तीनशेच्या वर व्होल्ट जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत वीज परत आली, त्या पहिल्या तासात जळलेल्या टीव्ही-फ्रिजांना लोक आजही वीज पडून जळाले असेच म्हणतात. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक वस्तू न्यूट्रलने जाळल्या होत्या. पावणेदहाला दिवे फडफडले म्हणता, ते विजेचेही असेल आणि न्यूट्रलचेही. प्लगवर मोजल्याखेरीज सांगता येणार नाही.

पडवीतील वीज चोख निघाली आणि तरीही आरसीसीबी टिकत नसला, तर दोष गाडीत आहे. चारही एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करून पाहा. येथे एक फसगत होते ती ध्यानात ठेवा. एकेरी एमसीबी केवळ फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात कोठे गळती असेल, तर चारही एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडतो आणि माणूस उगाच आरसीसीबीलाच दोष देऊन तो बदलतो. अशा वेळी केबल काढून आणि इन्व्हर्टर त्याच्या स्विचने बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरील तारा एकेक सोडवाव्या लागतात. जिच्या सुटण्याने आरसीसीबी टिकतो, तिच्या टोकाला दोष. मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) वापरायचा झाल्यास इन्व्हर्टर, चार्जर आणि सर्व उपकरणे आधी सोडवा, कारण मेगरचे पाचशे व्होल्ट चांगली इलेक्ट्रॉनिक वस्तूही मारतात.


मिरकरवाडा_नौका_विद्युत

वायरमन दादांनी २३० ची बाजू पूर्ण सांगितली आहे, त्यात मला भर घालायची नाही. मी रत्नागिरीच्या बंदरात मच्छीमार नौकांची बारा आणि चोवीस व्होल्टची कामे करतो, म्हणून बॅटरीविषयी लिहितो.

गुरुजी, आपली बॅटरी विजेने गेलेली नाही, असे मला आपल्या पत्रावरूनच वाटते. आरसीसीबी पावणेदहालाच पडला असणार. त्या क्षणी इन्व्हर्टरने स्वतःहून बॅटरीची वीज घ्यायला सुरुवात केली, म्हणून दिवे नुसते फडफडले आणि एसी पुन्हा चालू झाला. २०० ॲम्पिअर-अवर गुणिले १२.८ व्होल्ट म्हणजे २५६० वॅट-अवर. लहान एसी साधारण सातशे वॅट घेतो, इन्व्हर्टर स्वतः काही खातो, फ्रीज आणि पंखे वेगळे. भरलेली बॅटरी तीन तासांच्या आसपास संपायला हवी, आणि ती पावणेदहापासून साडेबारापर्यंत चालली. हिशेब इतका नेमका जुळतो, की बॅटरीने आपले काम पूर्ण केले आणि रिकामी झाल्यावर तिच्यातील बीएमएसने (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) सेल वाचवण्यासाठी दार लावून घेतले, एवढेच यातून निघते.

बीएमएसने दार लावले, की बाहेरच्या टोकांवर एक-दोन-तीन व्होल्ट असा निरर्थक आकडा दिसतो. तो सेलचा दाब नसतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीवर हात बसलेला कारागीर हा आकडा पाहून तिला मेलेली ठरवतो, कारण शिशाच्या बॅटरीत खरोखरच तसा अर्थ होतो. लिथियमची बॅटरी मात्र भरणारा दाब मिळाल्यावर पुन्हा उघडते. त्यासाठी आधी इन्व्हर्टर, फ्रीज, दिवे, पाण्याचा पंप असे सर्व भार बंद करा. मग इंजिन सुरू करून डीसी-डीसी चार्जरला पाच-दहा मिनिटे द्या. काही डीसी-डीसी चार्जर समोर शून्यवत दाब दिसला तर चालूच होत नाहीत. तसे झाल्यास निजलेली बॅटरी उठवण्याची सोय असलेला लिथियमचा चार्जर लागेल. दुसऱ्या मोठ्या बॅटरीवरून जाड तारांनी थेट जोडणी करू नका, कारण रिकाम्या लिथियममध्ये प्रवाह धो-धो जातो. बॅटरी उघडल्यावर दाब चढत जाऊन, पूर्ण भरल्यावर व तासभर विसावल्यावर १३.३ ते १३.४ व्होल्टवर स्थिर राहिला, तर ती निर्धास्त वापरा. सोलर कंट्रोलरचा कोरा पडदाही बहुधा याच कारणाने असेल, कारण पुष्कळ कंट्रोलर स्वतःच्या चालण्यासाठी बॅटरीचाच दाब घेतात.

आता त्या तडतडीविषयी. कुशीतील सॉकेटचे झाकण खोलून विजेरीने आत पाहा. पांढरी बुरशीसारखी खार किंवा हिरवा काट असेल, तर खारी हवा आत शिरत होती. दोन पिनांच्या मधल्या प्लास्टिकवर झाडाच्या मुळांसारखी काळी बारीक रेघ दिसली, तर तेथून ठिणगी चाललेली आहे. ती रेघ कोळशाची असते आणि कोळसा वीज वाहतो. ती खरवडून, पुसून जात नाही. वरून स्वच्छ दिसले तरी पुढच्या दमट रात्री तीच वाट पुन्हा पेटते. सॉकेट बदलावेच लागते. नौकांवर आम्ही या एका रेघेपायी लागलेल्या आगी विझवल्या आहेत, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहितो.


चालते_घर_चिपळूण

आपणा दोघांचे मनापासून आभार. केबल तत्काळ काढली. काल आणि आज सकाळी वायरमनना सोबत घेऊन जे मोजले ते लिहितो.

पडवीतील प्लगवर फेज-न्यूट्रल २३६, फेज-अर्थ १४२ आणि न्यूट्रल-अर्थ ९४ व्होल्ट आले. घराचा विहिरीवरील पंप बंद करून त्याची तार सोडवल्यावर शेवटचे माप ९४ वरून ११ वर उतरले. परसातील अर्थिंगचा खड्डा उकरला, तेव्हा पाइपाची पकड गंजून तिचे अक्षरशः पापुद्रे सुटलेले होते आणि तार पकडीपाशी तुटून नुसती मातीत टेकलेली होती. बल्ब लावूनही दाब हलला नाही, म्हणजे न्यूट्रल शाबूत आहे. घरमालकांना हे दाखवल्यावर ते हादरले, कारण त्यांची नातवंडे त्याच पंपाच्या पाण्यावर खेळतात. त्यांनी पंप पूर्ण बंद ठेवला आहे.

बॅटरी सर्व भार बंद करून इंजिन सुरू केल्यावर चौथ्या मिनिटाला जागी झाली. मीटरवरील आकडा २.८ वरून एकदम बाराच्या वर गेला, तो क्षण आम्ही दोघांनी मिळून पाहिला. त्यानंतर कंट्रोलरचा पडदाही उजळला. परंतु भर दुपारी, स्वच्छ उन्हात, पॅनेलकडून येणारी वीज नेहमीच्या चतुर्थांशही नाही आणि पॅनेलचा दाब २९ च्या आसपास दिसतो. एरवी तो ३६ ते ३८ असे. दोन्ही पॅनेले एकमेकांपासून सोडवून वेगवेगळी मोजली, तर एकावर ४५ आणि दुसऱ्यावर ३० व्होल्ट आले. दोहोंच्या काचा अखंड आहेत. हे कसे समजावे?


सौरवाट_कुडाळ

गुरुजी, आपण दोन्ही पॅनेले वेगळी करून मोजलीत, त्यामुळे दोष जवळजवळ आपोआप सापडला आहे. ७२ सेलच्या पॅनेलमध्ये चोवीस-चोवीस सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला मागच्या काळ्या पेटीत एक बायपास डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. एखाद्या गटावर माडाची सावली पडली, की प्रवाहाने त्या गटाला वळसा घालून जावे, एवढेच त्याचे काम. वीज जवळ पडली, की छतावरील तारांच्या वेटोळ्यात क्षणार्धाचा प्रचंड दाब उपजतो आणि तो बहुधा याच डायोडला फोडतो. फुटलेला डायोड कायमचा जोडलेला राहतो, म्हणून त्याचा गट कायमचा वगळला जातो. ४५ चा तिसरा भाग पंधरा, आणि पंचेचाळीसमधून पंधरा गेले की तीस. आपल्या मीटरने तेच दाखवले. गट सर्व चांगले असते आणि एखादे कनेक्शन तुटले असते, तर तीस नव्हे, शून्य आले असते.

समांतर जोडणीत याचा फटका दुहेरी बसतो. दुसरे पॅनेल चांगले असूनही, कंट्रोलर दाब तीसच्या वर नेऊ लागला की चांगल्या पॅनेलचा प्रवाह बिघडलेल्या पॅनेलमध्ये उलटा शिरतो, त्यामुळे दोन्ही मिळून २९ पाशी अडकतात. तेव्हा तूर्त बिघडलेले पॅनेल सोडवून ठेवा आणि एकट्या चांगल्या पॅनेलवर गाडी चालवा. आजच्या दोहोंपेक्षा ते एक अधिक वीज देईल.

दुरुस्ती करताना पॅनेलवर जाड गोधडी अंथरा, कारण उन्हात पॅनेल बंद करता येत नाही. प्रवाह चालू असताना कनेक्टर ओढू नका; डीसीची ठिणगी लांबत जाते आणि बोटे भाजतात. आधी पॅनेल सोडवायचे आणि मग बॅटरी, जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, हा क्रम कंट्रोलरच्या आयुष्यासाठी पाळा. पेटी उघडत असेल, तर मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून तिन्ही तपासा. चांगला डायोड एका दिशेने ०.२ ते ०.४ व्होल्टच्या दरम्यान दाखवतो आणि उलट दिशेने आकडाच दाखवत नाही. फुटलेला दोन्ही दिशांनी शून्य दाखवतो. त्याच क्षमतेचा शॉटकी डायोड घालून पेटी पाण्यापासून नीट बंद केली, की पॅनेल पूर्ववत होते. पेटी रसायनाने भरून घट्ट केलेली असेल, तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नका, पॅनेल बदला.

आणि छतावरून खाली येणाऱ्या धन व ऋण तारा एकमेकींपासून लांब, छताच्या दोन कडांनी आणलेल्या असतील, तर त्या जवळ घेऊन पीळ घालून आणा. दोन तारांच्या मधली मोकळी जागा जितकी मोठी, तितका विजेचा दाब त्यात जास्त उपजतो. हे काम फुकटचे आहे आणि बाजारातील पुष्कळ महागड्या पेट्यांपेक्षा उपयोगी आहे.


मालवणची_मुशाफिर

गुरुजी, दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी विम्याचे पाहिलेत का? मी दोन वर्षांपूर्वी याच प्रसंगातून गेले आहे, म्हणून विचारते.

आपल्याकडील मोटार पॅकेज पॉलिसीत गाडीच्या नुकसानीच्या कारणांत आग, स्फोट यांच्याबरोबर वीज पडण्याचाही स्पष्ट उल्लेख असतो. त्याच पॉलिसीत यांत्रिक व विद्युत बिघाड मात्र वगळलेला असतो. म्हणजे तोच जळलेला भाग ‘वीज पडून गेला’ ठरला तर भरपाई मिळते आणि ‘आपोआप बिघडला’ ठरला तर मिळत नाही. त्यामुळे पुरावा महत्त्वाचा. त्या माडाचे, त्याच्या खोडावरील चिरेचे, काळ्या पडलेल्या सॉकेटचे, आपण मोजलेल्या प्रत्येक आकड्याचे मीटरसह फोटो काढा. कंपनीला आधी कळवा आणि सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत एकही जुना भाग टाकून देऊ नका. कारागिराकडून ‘सर्व जळले’ असा ढोबळ कागद घेऊ नका. कोणता भाग, कोणत्या मापावरून निकामी ठरवला, हे लिहून घ्या.

दुसरे, कारखान्यातून न आलेली, मागाहून बसवलेली विद्युत उपकरणे पॉलिसीत वेगळी नोंदवून त्यांचा जादा हप्ता भरलेला असावा लागतो. माझा इन्व्हर्टर असा नोंदवलेला नव्हता. त्याची एक पैही मिळाली नाही, आणि चूक माझीच होती. आपली पॉलिसी आजच काढून पाहा.

सवयींविषयीही थोडे लिहिते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. आपल्या जवळपास वीज कडाडण्याची शक्यता असेल तर ते सूचना देते. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर वीज साधारण एक किलोमीटरवर आहे. पण तितके मोजत बसू नका. गडगडाट ऐकू आला, की पाऊस सुरू होण्यापूर्वीच केबल काढून घ्या. जोरात पाऊस लागल्यावर प्लगला हात लावणे अधिक धोक्याचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या आणि मगच पुन्हा जोडा. पत्र्याच्या गाडीत काचा बंद करून, पत्र्याला न टेकता बसलेली माणसे बरीच सुरक्षित असतात, कारण वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीकडे जाते. फायबरच्या अंगाच्या गाडीला मात्र हा भरवसा देता येत नाही. मुक्काम उंच माडाच्या पायथ्याशी नको आणि मोकळ्या सड्यावर आपलीच गाडी सर्वांत उंच ठरेल असाही नको.


चालते_घर_चिपळूण

सर्वांना नमस्कार. चार दिवसांनी लिहितो आहे, कारण ताईंच्या सांगण्यावरून सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत काहीच उघडले नाही. पॉलिसीत इन्व्हर्टर आणि बॅटरी नोंदवलेल्या निघाल्या, पॅनेले नाहीत.

आरसीसीबीचे कोडे वायरमन दादांच्या रीतीनेच सुटले. चारही एमसीबी खाली असताना तो पडत होता. घरमालकांची वीज बंद ठेवून, शेजारच्या घरातील तपासून घेतलेल्या प्लगवर न्यूट्रलच्या तारा एकेक सोडवत गेलो. तिसरी तार सुटताच आरसीसीबी टिकला. ती ओट्याखालील सर्ज प्रोटेक्टरच्या (दाबाच्या अचानक उसळीपासून उपकरणे वाचवणाऱ्या) पट्टीची होती. पट्टी उघडली, तेव्हा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधील निळी गोल चकती मधोमध फुटून काळी झालेली होती आणि आतल्या प्लास्टिकला जळका वास येत होता. विजेचा तडाखा तिने स्वतःवर घेतला आणि इन्व्हर्टर वाचला, असे आमच्या वायरमनचे म्हणणे पडले. कुशीतील सॉकेटमध्ये मिरकरवाड्याच्या दादांनी वर्णन केलेली काळी रेघ तंतोतंत दिसली, सॉकेट बदलले. इन्व्हर्टरचा चार्जर आता ४० ॲम्पिअरने बॅटरी भरतो आहे. पॅनेलची पेटी सुदैवाने उघडणारी होती. मधला डायोड दोन्ही दिशांनी शून्य होता. कुडाळच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे रात्री, गोधडीखाली, नवा बसवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पॅनेलवर ४५ व्होल्ट आले. पुरवठ्याच्या मुखाशी आता दाब कमी-अधिक झाला तर तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर आणि खिडकीत हिरवी खूण दाखवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला आहे.

एक शंका उरते. घरमालकांनी अर्थिंगचा नवा खड्डा परसातील जांभ्यात न घेता खालच्या पोफळीच्या बागेत घ्यायचे ठरवले आहे, कारण तेथे पाटाचे पाणी बारमाही फिरते आणि माती मे महिन्यातही ओली असते. घरापासून ते अंतर पंचवीस मीटर भरते. इतकी लांब तार चालेल का, आणि ती जाडीला किती घ्यावी?


वायरमन_दापोली

जागा उत्तम निवडली आहे. कोरड्या जांभ्यातील जवळच्या खड्ड्यापेक्षा ओल्या बागेतील लांबचा खड्डा कितीतरी बरा. पंचवीस मीटरने काही बिघडत नाही. तार तांब्याची, इन्सुलेशन असलेली, निदान १६ चौरस मिलिमीटरची घ्या आणि पाइपातून न्या, म्हणजे कुदळ लागणार नाही. लोखंडी पट्टीच्या मोहात पडू नका, खाऱ्या मातीत ती फार वर्षे टिकत नाही. पाइपाची पकड जमिनीवर, झाकण असलेल्या चौकोनी हौदात ठेवा, म्हणजे दरवर्षी पावसापूर्वी उघडून पाहता येईल. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी नसेल, तर तोही याच वेळी बसवून घ्या आणि पंप दुरुस्त होऊन आल्यावर आधी मेगरने तपासा, मगच जोडा. सर्व झाल्यावर अर्थ टेस्टर लावून खड्ड्याचा रोध मोजायला सांगा आणि पडवीतील प्लगवर ती तीन मापे पुन्हा घ्या. न्यूट्रल-अर्थचे माप पंप चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा दोन-चार व्होल्टच्या आत आले, की केबल जोडायला हरकत नाही.